ताणलेली बाटली आणि साकाईचा जीवाणू

वर्षातून दोनदा तरी तो फॉरवर्ड येतोच. "प्लास्टिक खाणारा जीवाणू सापडला!!!" खाली बाटलीचा फोटो आणि त्याखाली पाच हात जोडलेले. घरच्या ग्रुपवर तो मामा टाकतो, ऑफिसच्या ग्रुपवर एचआर. मग कोणीतरी विचारतंच, "अरे, मग इतकी वर्षं झाली, अजून आपल्या कचरा डेपोत का नाही सोडला?"

प्रश्न अगदी बरोबर आहे. जीवाणू खरा आहे आणि बातमीही खोटी नाही, फक्त २०१६ सालची आहे. मग घोडं अडलंय कुठे? हे शोधायला बसलो आणि त्यात दोन-तीन वीकएंड गेले. (माझी बायोलॉजी दहावीतच सुटली. त्यामुळे जे मला समजलं तेवढंच आणि तसंच सांगतोय.) उत्तर अर्धं एका प्रोटीनच्या आकारात आहे आणि अर्धं एका बाटलीच्या इतिहासात. जीवाणूच्या बातमीत बाटलीचा इतिहास कोणी सांगत नाही, म्हणून हा लेख.

सुरुवात बाटलीपासून नाही, कापडापासून.

१९३० च्या सुमाराला अमेरिकेत ड्युपाँट कंपनीत वॉलेस कॅरोदर्स नावाचा केमिस्ट लांबच लांब साखळ्यांचे रेणू बनवत होता. त्याच्या गटाने पॉलिएस्टरचे धागेही काढले होते. पण ते इतक्या कमी तापमानाला वितळायचे की इस्त्री फिरवली की शर्ट संपला. कॅरोदर्सने तो नाद सोडला, दुसऱ्या प्रकारच्या साखळ्यांकडे वळला आणि त्याला नायलॉन सापडलं. पॉलिएस्टर तसंच राहिलं.

ते उचललं इंग्लंडमधल्या दोघांनी. जॉन रेक्स व्हिनफील्ड आणि जेम्स टेनंट डिक्सन. दोघे लँकेशायरमध्ये अ‍ॅक्रिंग्टनला कॅलिको प्रिंटर्स असोसिएशनच्या प्रयोगशाळेत कामाला होते. म्हणजे कापडावर छपाई करणाऱ्यांच्या संस्थेची ही लॅब! १९४१ साली त्यांनी साखळीत टेरेफ्थॅलिक अ‍ॅसिड घातलं. या अ‍ॅसिडच्या मध्यभागी सहा कार्बनचं एक सपाट, ताठ कडं असतं. दोरीत ठरावीक अंतरावर बांगड्या ओवल्या तर दोरी कशी कडक होईल, तसं. वितळायचं तापमान एकदम अडीचशे अंशांच्या आसपास गेलं. इस्त्रीचा प्रश्न मिटला.

हाच तो पॉलिएथिलीन टेरेफ्थॅलेट, थोडक्यात पेट. ब्रिटनमध्ये त्याच्या धाग्याचं नाव पडलं टेरिलीन, अमेरिकेत डेक्रॉन. आपल्याकडे टेरिलीन आणि कॉटन मिळून टेरिकॉट झालं. आजोबांची न चुरगळणारी, उन्हाळ्यात जीव घेणारी, पण वीस वर्षं टिकणारी ती पँट आठवते ना? तेच. १९८२ मध्ये रायगड जिल्ह्यात पाताळगंगेला रिलायन्सचा पॉलिएस्टर धाग्याचा कारखाना सुरू झाला, त्यातही हाच रेणू. कापड, बाटली आणि चिप्स ठेवतात त्या पारदर्शक डब्या, यात रसायन एकच आहे. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता या साखळीचे सांधे बघू. एकेक तुकडा पुढच्या तुकड्याला एस्टर बंधाने जोडलेला असतो. एस्टर हे काही भयंकर प्रकरण नाही. तूप, खोबरेल, शेंगदाण्याचं तेल, सगळ्यात एस्टरच आहेत. साबण करताना तेलात कॉस्टिक सोडा घालतात तेव्हा एस्टरच तुटतात. पोटात भजी पचतात तेव्हा लायपेज नावाचं एन्झाइम (शुद्ध मराठीत विकर) तेच काम करतं. म्हणजे एस्टर तोडण्याची कला सजीवांकडे फार जुनी आहे. भाजीची पातळ पिशवी मात्र पॉलिथिनची, आणि तिच्यात एस्टर नाहीच. नुसते कार्बनला कार्बन. तिथे या कथेतल्या एन्झाइमला पकडायलाच काही नाही. तेव्हा फॉरवर्डमधल्या "प्लास्टिक" या शब्दाच्या जागी "पेट" वाचा. निम्मा गोंधळ तिथेच कमी होतो.

आणि आता बाटली.

१९६० च्या दशकात नॅथॅनियल वायेथ हा ड्युपाँटचा इंजिनिअर. (प्रसिद्ध चित्रकार अँड्र्यू वायेथचा भाऊ. घरात सगळे चित्रं काढणारे आणि हा एकटा मशीनवाला, मला उगाच आपला वाटतो.) सोडा भरलेलं पेय प्लास्टिकच्या बाटलीत का भरत नाहीत, असं त्याने सहकाऱ्यांना विचारलं. फुटेल, असं उत्तर मिळालं. यानं डिटर्जंटची रिकामी बाटली घेतली, तीत जिंजर एल भरलं आणि फ्रिजमध्ये ठेवून दिली. बाटली टम्म फुगली. म्हणजे उत्तर खरं होतं. पण वायेथला माहीत होतं की नायलॉनचा धागा ताणला की मजबूत होतो, कारण आतल्या साखळ्या एका दिशेला लागतात. मग बाटली दोन्ही दिशांना ताणली तर? पुष्कळ खटपट करून अखेर त्याने पेट वापरलं, आणि १९७३ मध्ये त्याला पेटंट मिळालं.

आजही बाटली अशीच होते. आधी टेस्ट ट्यूबसारखा जाड नळकांडा बनवतात. त्याला प्रीफॉर्म म्हणतात आणि झाकणाचे आटे त्याला आधीच असतात. तो गरम करून, आत दांडा घालून लांबीला ताणतात आणि हवा भरून रुंदीला फुगवतात. ताणण्याआधी आतल्या साखळ्या ताटातल्या शेवयांसारख्या गुंतलेल्या असतात. ताणल्यावर जागोजागी त्या उदबत्तीच्या पुड्यातल्या काड्यांसारख्या शेजारी शेजारी घट्ट बसतात. याला म्हणतात स्फटिकी होणं. सगळी बाटली स्फटिकी होत नाही, साधारण तिसरा हिस्सा होतो, पण तेवढ्याने ती सोड्याचा दाब सहन करते.

कथेतलं कुलूप हेच. ते लागलं १९७३ साली आणि अगदी वेगळ्याच कारणासाठी.

दरम्यान, झाडाच्या पानांवर काय चाललं होतं? अळवावरचं पाणी ठरत नाही ते पानावरच्या मेणामुळे. त्या मेणाला धरून ठेवणारी जी पातळ कातडी असते ती कूटिनची. आणि कूटिन म्हणजे निसर्गाने बनवलेलं पॉलिएस्टर! पान कुजवायचं तर आधी ही कातडी फाडावी लागते, म्हणून बुरशी आणि जीवाणूंकडे कूटिनेज नावाची एन्झाइम्स असतात. पेट सापडण्याच्या कितीतरी आधीपासून त्यांचं काम चालू आहे. २००५ मध्ये जर्मनीतल्या रोल्फ-योआखिम म्युलर यांच्या गटाने दाखवलं की थर्मोबिफिडा फस्का या उष्णता आवडणाऱ्या जीवाणूचं असंच एक एन्झाइम पेटही तोडतं. २०१२ मध्ये ओसाका विद्यापीठाच्या गटाने पानं-फांद्यांच्या कंपोस्टमधून थेट डीएनए काढून आणखी एक दमदार कूटिनेज मिळवलं, त्याचं नाव एलसीसी. तेव्हा त्याची फारशी बातमी झाली नाही. हेही लक्षात ठेवा.

बातमी झाली ती २०१६ च्या मार्चमध्ये. क्योतो इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचे कोहेई ओदा, केयो विद्यापीठाचे केन्जी मियामोतो, शोसुके योशिदा आणि मंडळींनी ओसाकाजवळच्या साकाई शहरात, बाटल्या रिसायकल करतात तिथून माती, गाळ, सांडपाणी असे २५० नमुने गोळा केले होते. प्रत्येकात पेटची पातळ फिल्म टाकली आणि वाट पाहिली. ४६ नंबरच्या नमुन्यात फिल्मवर जीवाणूंचा थर जमला आणि फिल्म झिजायला लागली. त्या गर्दीतून वेगळा काढलेला जीवाणू म्हणजे इडिओनेला साकायेन्सिस. गावाचं नाव जीवाणूला, मस्त ना?

त्याच्याकडे दोन एन्झाइम्स आहेत. पेटेज साखळीचे तुकडे करतं आणि मुख्यतः एमएचईटी नावाचा छोटा तुकडा बाहेर टाकतं. मग एमएचईटेज त्याचे आणखी दोन भाग करतं, टेरेफ्थॅलिक अ‍ॅसिड आणि ग्लायकॉल. व्हिनफील्ड-डिक्सननी जे जोडलं होतं ते जवळपास जसंच्या तसं परत! आधीच्या शोधांपेक्षा वेगळेपण असं की हा जीवाणू पेटवर नुसता जगत होता, तोच त्याचा मुख्य आहार, आणि तेही ३० अंशांना. सहा आठवड्यांत फिल्म जवळजवळ संपली.

फक्त त्या फिल्मची स्फटिकता होती १.९ टक्के. बाटलीची तीसच्या पुढे. हा आकडा पेपरमध्ये स्पष्ट दिलाय. फॉरवर्डमध्ये तो कधीच नसतो.

यानंतर पेटेजची रचना बघायची शर्यतच लागली. प्रोटीनचा स्फटिक करायचा, त्यावर क्ष-किरण सोडायचे, ते कसे विखुरतात त्यावरून प्रत्येक अणूची जागा काढायची. १९६५ मध्ये लंडनला डेव्हिड फिलिप्स यांच्या गटाने लायसोझाइमची रचना काढली, ती एन्झाइमची पहिली. आता अशा रचना प्रोटीन डेटा बँकेत कोणालाही फुकट मिळतात. १९७१ मध्ये ही बँक सुरू झाली तेव्हा त्यात सात रचना होत्या, आता दोन लाखांहून जास्त आहेत. (आणि प्रत्येक नवी रचना तपासताना आजही जो आलेख काढतात तो मद्रासच्या जी. एन. रामचंद्रन आणि सहकाऱ्यांचा, १९६३ चा.) ओपन सोर्सवाल्यांनी जरा यांच्याकडेही बघावं.

पेटेजची रचना चीनमधल्या गटाने २०१७ च्या शेवटी छापली, मग कोरियाच्या गटाने, आणि एप्रिल २०१८ मध्ये ब्रिटनच्या पोर्ट्समथ विद्यापीठाचे जॉन मॅकगीहान आणि अमेरिकेच्या एनआरईएलचे ग्रेग बेकहॅम यांच्या गटाने. या शेवटच्यांनी ऑक्सफर्डशायरमधलं डायमंड लाइट सोर्स वापरून ०.९२ अँगस्ट्रॉमपर्यंत मजल मारली. एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग. दोन कार्बनमधला बंध दीड अँगस्ट्रॉमचा असतो, त्यावरून काय बारीक दिसलं असेल ते बघा.

ती फाइल मीही उतरवली, नंबर ६ईक्यूई. स्क्रीनवर फिरवून बघताना पहिल्यांदा काहीच कळत नाही, रंगीत फितींचा गुंडा दिसतो. मग हळूहळू पृष्ठभागावर एक खाच दिसायला लागते. खोल बोगदा नाही, उघडी खाच. पेटची साखळी त्यात आडवी बसते. खाचेच्या तळाशी तीन अमिनो आम्लं आहेत: १६० व्या जागी सेरीन, २३७ व्या जागी हिस्टिडीन, २०६ व्या जागी अ‍ॅस्पार्टेट. सेरीनचा ऑक्सिजन एस्टरच्या कार्बनवर हल्ला करतो, हिस्टिडीन त्याचा प्रोटॉन काढून घेऊन त्याला त्यासाठी तयार करतं, आणि अ‍ॅस्पार्टेट हिस्टिडीनला जागेवर धरून ठेवतं. साखळी तुटते, एक तुकडा सेरीनलाच चिकटून राहतो, मग पाण्याचा रेणू येऊन त्यालाही सोडवतो. सेरीन पुन्हा मोकळं, पुढचा नंबर.

गंमत म्हणजे हे त्रिकूट अजिबात नवं नाही. आपल्या पचनरसातल्या कायमोट्रिप्सिनमध्ये हीच टीम आहे, १९६९ मध्येच तिचा उलगडा झाला होता. पेटेजचा सगळा सांगाडाही कूटिनेजचाच आहे. थर्मोबिफिडाच्या त्या एन्झाइमशी त्याची अमिनो आम्लं ५१ टक्के जुळतात. "निसर्गाने सत्तर वर्षांत नवं हत्यार घडवलं" असं जे छापून येतं ते वाचून मला आमच्या क्षेत्रातली नवी प्रॉडक्ट्स आठवतात. आत डोकावलं की जुनाच कोड, वर दोन-चार पॅच :-)

पण पॅच कुठे आहेत हाच तर खरा प्रश्न. पोर्ट्समथच्या गटाला दिसलं की पेटेजची खाच कूटिनेजच्या खाचेपेक्षा बरीच रुंद आहे. त्यांचा कयास असा की पेटची जाड बांगडीवाली साखळी मावावी म्हणून ती रुंदावली. हे तपासायला त्यांनी १५९ आणि २३८ या दोन जागा बदलून खाच मुद्दाम अरुंद केली, कूटिनेजसारखी. अपेक्षा ही की काम बिघडेल. झालं उलटं! बदललेलं एन्झाइम मूळ पेटेजपेक्षा थोडं सरस निघालं.

जगभर बातमी पसरली, "शास्त्रज्ञांनी चुकून बनवलं प्लास्टिक खाणारं सुपर एन्झाइम". मला हा "चुकून" फार खटकतो. यात चूक कुठेय? एक कयास होता, तो मोडेल अशी टेस्ट लिहिली, टेस्टने कयास मोडला. यालाच तर काम म्हणतात. आणि निष्कर्ष "सुपर" तर अजिबात नव्हता. निष्कर्ष असा की जीवाणूचं पेटेज अजून अर्धवट आहे, दोन जागा बदलल्या तरी सुधारतं, म्हणजे सुधारायला भरपूर वाव आहे.

खरे पॅच निघाले दुसरीकडेच. खाचेच्या काठावर १८५ व्या जागी ट्रिप्टोफॅन आहे, मोठं, सपाट. कूटिनेजेसमध्ये ते शेजाऱ्यांच्या गर्दीत अडकून बसलेलं असतं. पेटेजमध्ये २१४ आणि २१८ या जागांवरचे शेजारी लहान आहेत, त्यामुळे ट्रिप्टोफॅनला डुलायला जागा मिळते. चीनच्या गटाला हे २०१७ मध्येच दिसलं होतं. २०२१ मध्ये त्यांनी तेच दोन लहान शेजारी दुसऱ्या एन्झाइम्समध्ये बसवून बघितले आणि तीही वेगाने पेट तोडायला लागली. तीस अंशांच्या थंडीत (एन्झाइमच्या दृष्टीने थंडीच) ताठ साखळीशी जुळवून घ्यायचं तर आपणच थोडं लवचिक व्हायचं, असा हा मामला.

लवचिकपणाची किंमत असतेच. पेटेज उष्णता सहन करत नाही, आणि पेट नेमकं उष्णतेतच सैल होतं. साधारण ७० अंशांखाली त्याच्या साखळ्या काचेसारख्या गोठलेल्या असतात. कितीही सुंदर खाच असली तरी साखळी उठून खाचेत यायला तर हवी! वायेथने दाबून बसवलेल्या उदबत्त्या तर येतच नाहीत. तर मामाच्या फॉरवर्डवरच्या प्रश्नाचं उत्तर हे. कचरा डेपोतली बाटली ३० अंशांना, ताणलेली, गोठलेली पडली आहे आणि जीवाणूला हव्यात मोकळ्या शेवया.

मग इंजिनिअर लोकांनी काय केलं? जीवाणू सोडला आणि विसरलेलं एलसीसी उचललं. ते कंपोस्टच्या ढिगातलं, म्हणजे मुळात उष्णतेचं. फ्रान्सच्या कार्बिओस कंपनीने आणि तुलूझच्या संशोधकांनी एप्रिल २०२० मध्ये त्याचं सुधारलेलं रूप छापलं. एलसीसीला स्थिर राहायला कॅल्शियम लागायचं. त्यांनी कॅल्शियम जिथे बसतं तिथेच दोन गंधकवाली अमिनो आम्लं घालून एक टाका मारला. कॅल्शियमची गरज गेली आणि एन्झाइम आणखी दहा अंश तग धरायला लागलं. आकडे बघा: लिटरला २०० ग्रॅम पेट, दर ग्रॅम पेटमागे ३ मिलिग्रॅम एन्झाइम, ७२ अंश तापमान, आणि १० तासांत ९० टक्के पेट सुटं.

७२ च का, ७५ का नाही? हा तपशील मला सगळ्यात आवडला. गरम केलं की साखळ्या सैल होतात खऱ्या, पण सैल झाल्या की त्या स्वतःहून पुन्हा शिस्तीत बसायला लागतात. ७५ अंशांना हे आणखी भराभर होतं. म्हणजे एन्झाइम आणि स्फटिक यांची शर्यतच लागते. दार किलकिलं झालंय तेवढ्यात आत शिरून काम उरकायचं.

आणि त्याआधी बाटली वितळवतात, झटकन गार करतात म्हणजे साखळ्यांना रांगेत बसायला वेळच मिळत नाही, मग तिची पूड करतात. थोडक्यात, वायेथने जे केलं ते आधी पुसून टाकतात आणि मगच एन्झाइमला बोलावतात. या पूर्वतयारीला वीज लागते, पैसा लागतो. कार्बिओसचा प्रात्यक्षिक प्लांट २०२१ मध्ये क्लेर्माँ-फेराँला सुरू झाला, पण मोठ्या कारखान्याचं काम निधीअभावी पुढे ढकलल्याचं त्यांनी २०२४ मध्ये सांगितलं. नव्या पेटशी किमतीत टक्कर द्यायची आहे, आणि नवं पेट फार स्वस्त पडतं.

साकाईचं पेटेजही मागे राहिलं नाही. २०२२ मध्ये टेक्सासच्या हॅल आल्पर यांच्या गटाने मशीन लर्निंगला विचारलं की या रचनेत कुठलं अमिनो आम्ल "चुकीच्या जागी" वाटतंय. त्यातून आलेल्या तीन बदलांची आधीच माहीत असलेल्या दोन बदलांशी सांगड घालून झालं फास्ट-पेटेज. ५० अंशांना काम करतं. दुकानातून आणलेली ५१ प्रकारची पेटची पॅकिंग त्यांनी त्यात टाकली, केकचे डबे, फळांचे डबे वगैरे, आणि आठवड्याच्या आत सगळी संपली. ही पॅकिंग नुसती साच्यात दाबून केलेली, फारशी न ताणलेली. पाण्याची बाटली मात्र त्यांनाही आधी वितळवूनच द्यावी लागली.

आता राहिलं कापड. पेटचा निम्म्याहून जास्त खप धाग्यात होतो, बाटल्यांचा नंबर त्यानंतर. टेरिकॉटसारख्या मिश्रणात एन्झाइमचा एक फायदा आहे: ते फक्त एस्टर ओळखतं, त्यामुळे पॉलिएस्टर विरघळेल आणि कापूस तसाच राहील. कुठल्याही यंत्राला हे दोन धागे असे सोडवता येत नाहीत. पण धागासुद्धा ताणूनच मजबूत करतात, ती युक्ती तर बाटलीच्याही आधीची, वायेथने धाग्यावरूनच उचललेली. आणि टेरिकॉट वितळवून मोकळं करायचं म्हटलं, तर त्या तापमानाला आधी कापूस करपतो.